रात्रपाळीच्या मावशींची सेवा: कोणासाठी, कशी आणि किती उपयोगी

बाळ-बाळंतिणीसाठी रात्रपाळीच्या मावशी पुरवणाऱ्या संस्था आज पुण्यात अनेक आहेत. काही 'जापा' या नावाने जाहिरात करतात, काही 'बेबी केअर' म्हणतात, तर काही सरळ 'नाइट नर्स' असा शब्द वापरतात. आमच्या मुलीच्या जन्मानंतर अशाच एका संस्थेमार्फत आम्ही मावशी ठेवल्या होत्या. बाळ सव्वा महिन्याचे झाल्यापासून पाचवा महिना लागेपर्यंत त्या आमच्याकडे येत होत्या. वेळ रात्री नऊ ते सकाळी सहा, आठवड्यातून सहा रात्री, पगार महिन्याला 22,000 रुपये, आणि संस्थेचे एकरकमी शुल्क म्हणून अर्ध्या महिन्याचा पगार वेगळा, असा व्यवहार ठरला होता. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते एकूण या सेवेबद्दल, आणि आम्ही चौकशी केलेल्या सर्वच ठिकाणी करार, दर आणि आश्वासने थोड्याफार फरकाने सारखीच होती.

माझे मत आरंभीच सांगते. ही सेवा घेण्यासारखी आहे, परंतु 'आमच्या मावशी आल्या की बाळ रात्रभर झोपते' या जाहिरातीतल्या वाक्यावर विसंबून ती घेऊ नये. एक-दोन महिन्यांचे निरोगी बाळ रात्रभर झोपत नाही आणि झोपावे अशी अपेक्षाही करू नये. या सेवेतून जे खरोखर मिळू शकते ते म्हणजे आईला किंवा वडिलांना रोज चार-साडेचार तासांची अखंड झोप. तेवढे मिळाले तर पैसे वसूल झाले असे समजावे. ते मिळण्यासाठी मावशींच्या अनुभवापेक्षाही घरातल्या माणसांनी आधी ठरवलेली व्यवस्था अधिक महत्त्वाची ठरते, आणि नेमके हेच संस्थेतले कोणी सांगत नाही.

अखंड झोपेवर मी इतका भर का देते, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. नवजात बाळ दिवसाच्या चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपते. त्यामुळे आल्यागेल्याला असे वाटते की बाळ एवढे झोपत असेल तर आईला विश्रांतीला भरपूर वेळ मिळत असणार. अडचण तासांच्या बेरजेची नसून तुकड्यांची असते. बाळाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे पन्नास मिनिटे ते एक तासाचे, तर मोठ्या माणसाचे सुमारे दीड तासाचे असते. त्यातच अंगावर पिणाऱ्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा निजवणे, आणि मग स्वतःला झोप लागण्याची वाट पाहणे हे सारे धरले, तर आईच्या वाट्याला एका वेळी तास-सव्वा तासापेक्षा जास्त झोप क्वचितच येते. आपले आवर्तन पुरे होण्याआधीच उठावे लागते, आणि असे आठवडेच्या आठवडे चालते. बाळाला दिवस-रात्रीचा फरक कळू लागतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. तोपर्यंत 'सवय लावली की होईल' या सल्ल्याला फारसा अर्थ नसतो.

या अवस्थेला आपल्याकडे 'जागरण' म्हणून सोडून दिले जाते आणि 'बाळंतपणात हे चालायचेच' असे म्हटले जाते. परंतु सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामातली चपळाई रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे 1997 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मद्यार्काची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के इतकी आहे. आदल्या रात्री नीट झोप न झालेला बाप सकाळी दुचाकीवरून हिंजवडीला किंवा चाकणला जातो आणि तशीच न झोपलेली आई दुपारी लसीकरणासाठी बाळाला कुशीत घेऊन मागे बसते, तेव्हा त्यांच्या थकव्याकडे घरातल्या सर्वांनी गांभीर्याने पाहायला हवे. घरातला धोका तर आणखी जवळचा असतो. सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजताना आईला डुलकी लागणे ही तान्ह्या बाळासाठी अत्यंत धोक्याची गोष्ट आहे, कारण बाळ हातातून घसरून गादीच्या फटीत किंवा आईच्या अंगाखाली दबले जाऊ शकते. झोप अनावर होत असेल तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणे बाजूला सारलेला सपाट पलंग कमी धोक्याचा, आणि पाजून झाल्यावर बाळाला त्याच खोलीत पण स्वतंत्र, सपाट, टणक गादीवर पाठीवर निजवणे सर्वांत चांगले.

मावशींकडे वळण्यापूर्वी आमच्या घरी वस्तूही बऱ्याच आल्या होत्या, त्यांच्याविषयी थोडक्यात. विजेवर हलणारा पाळणा भेट म्हणून आला. त्याने बाळ लवकर शांत होते हे खरे, पण भूक लागली की ते उठायचे तेव्हा उठतेच, म्हणजे पालकांच्या झोपेत त्यामुळे विशेष भर पडत नाही. असा पाळणा घ्यायचाच असेल तर त्याची गादी पूर्ण सपाट आहे ना, हे पाहावे. अमेरिकेत तिरक्या पाठीचे 'रॉक अँड प्ले' नावाचे फिशर-प्राइस कंपनीचे झोपाळे बाळांच्या मृत्यूंनंतर एप्रिल 2019 मध्ये बाजारातून परत मागवले गेले. त्यांची संख्या सुमारे 47 लाख होती. पुढे 2022 साली तेथे तान्ह्या मुलांसाठीच्या अशा तिरक्या झोपाळ्यांवर कायद्यानेच बंदी आली. आपल्याकडे मात्र याच धाटणीच्या वस्तू ऑनलाइन दुकानांत सर्रास दिसतात. सतत एकसारखा आवाज करणारे 'व्हाइट नॉइज' यंत्र आम्ही वापरले आणि रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज झाकण्यापुरता त्याचा उपयोग झाला. ते मात्र पाळण्यात ठेवू नये. 2014 मधल्या एका अभ्यासात अशी चौदा यंत्रे तपासली गेली, तेव्हा पूर्ण आवाजावर 30 सेंटीमीटर अंतरावरून सगळ्यांचाच आवाज रुग्णालयातील नवजात कक्षासाठी सांगितलेल्या 50 डेसिबलच्या मर्यादेपलीकडे गेला होता, आणि तिघांचा तर 85 च्याही वर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि अगदी कमी आवाजात ते चालवावे. मोहरीची उशी सासूबाईंनी प्रेमाने शिवून आणली होती. डॉक्टरांनी पाळण्यात उशी नको असे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच ती उचलून ठेवली.

वस्तूंवर खर्च करण्यापेक्षा माणसावर करावा, या निष्कर्षाला आम्ही तेव्हा आलो. माहेरी बाळंतपण झाले असते तर हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला असता, कारण रात्री बाळाला घेण्यासाठी तेथे आई, काकू, बहीण असे हात असतात. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि सासूबाईंना रात्रीची औषधे घेतल्यावर जागता येत नव्हते. अशा घरांची संख्या आता कमी नाही, आणि म्हणूनच या सेवेकडे चैन म्हणून पाहणे मला पटत नाही.

संस्थेची निवड करताना सर्वांत आधी शब्दांची छाननी करावी लागते. 'नर्स' म्हणून ज्यांची माहिती आम्हाला पाठवली गेली, त्यांतील एकीकडेही परिचर्येचे शिक्षण नव्हते. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि ती मागून पाहता येते. वेळेआधी जन्मलेले, अतिशय कमी वजनाचे किंवा औषधोपचार चालू असलेले बाळ असेल तर अशी नोंदणी असलेलीच व्यक्ती घ्यावी. निरोगी बाळासाठी तिची गरज नाही. तेथे अनुभवी मावशी पुरेशा असतात. परंतु परिचारिकेचा दर लावून मावशी पाठवणे हा व्यवहार योग्य नाही, आणि आम्ही तसे स्पष्ट विचारल्यावर दर लगेच खाली आला. पोलीस ठाण्याकडून केलेल्या पडताळणीची प्रत, आधार कार्ड, आधी काम केलेल्या दोन घरांचे दूरध्वनी क्रमांक आणि क्षयरोगाची तपासणी झाल्याचा कागद एवढे आम्ही मागितले. पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या. छातीचा एक्स-रे आम्ही स्वतःच्या खर्चाने करून घेतला, आणि त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही हे मावशींना समोर बसून समजावून सांगितले. डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस आम्हा घरातल्यांनी घेतली होती, तीच त्यांनाही देण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोललो.

मावशी सातारा जिल्ह्यातल्या, वय पन्नाशीच्या आतबाहेर, आणि अनुभव पुष्कळ. त्यांच्या हाताला असलेले कसब पहिल्याच रात्री लक्षात आले. बाळाला उचलताना मानेखाली जाणारा हात, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत न थकता थांबण्याची तयारी, दिवा न लावता लंगोट बदलण्याची सफाई या गोष्टी शिकवून येत नाहीत. पण त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट होती ती थांबण्याची. बाळाने हुंकार दिला, हातपाय ताणले, चेहरा वेडावाकडा केला की आम्ही दोघेही झडप घालून त्याला उचलत असू. मावशी हाताची बोटे उंचावून 'जरा दम धरा, ताई' असे खुणावत आणि बाळाकडे नुसते पाहत बसत. पुष्कळदा बाळ पुन्हा शांत होई, कारण ते जागे झालेलेच नसे. नवजात बाळाची जवळपास अर्धी झोप ही अशी चळवळीची झोप असते, तिच्यात ते आवाज करते, डोळे किलकिले करते, क्षणभर रडल्यासारखेही करते. त्या क्षणी उचलले की झोपलेले बाळ आपणच जागे करतो. बालरोगतज्ज्ञांनी हेच शास्त्रीय भाषेत सांगितले होते, परंतु रात्री अडीच वाजता ते पाळण्याचा धीर आम्हाला मावशींच्या शेजारी बसून आला. भूक लागल्याची खूण वेगळी असते: मूठ तोंडाकडे नेणे, ओठ चाटणे, मान वळवून शोधणे. त्या दोन्हींतला फरक त्यांनी आम्हा दोघांनाही नीट शिकवला.

आता दुधाच्या व्यवस्थेविषयी, कारण सेवा उपयोगी पडणार की नाही हे येथेच ठरते. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी मावशी ठेवल्या आणि प्रत्येक वेळी बाळ रडले की त्यांनी आईला उठवले, तर आईच्या झोपेचे तुकडे पूर्वीइतकेच राहतात, फक्त लंगोट बदलण्याचे काम वाचते. ओळखीच्या एका घरात महिनाभर असेच चालले आणि शेवटी 'काही फरक पडला नाही' म्हणून त्यांनी मावशींना बंद केले. दुसऱ्या टोकाला, पहिल्याच आठवड्यापासून रात्रीचे पाजणे पूर्ण थांबवून बाळाला पावडरचे दूध देण्याचा सल्ला काही मावशी सहज देतात, आणि तो मानू नये. दूध तयार होण्यासाठी लागणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत वारंवार पाजण्यावरच पुढचा पुरवठा अवलंबून असतो. म्हणून पहिला सव्वा महिना आम्ही ही सेवा घेतली नाही. त्या काळात माझ्या पतींनी मिळवलेल्या रजेचा उपयोग झाला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्वासाठी 15 दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीत मात्र कायद्याने तशी हमी नाही आणि सारे कंपनीच्या मर्जीवर असते. आईसाठी 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण रात्री बाळाला दुसऱ्या कोणाच्या हाती देता येईल अशी सोय केवळ आईच्या रजेने होत नाही.

सव्वा महिन्यानंतर बाळाचे वजन नीट वाढत आहे अशी डॉक्टरांनी खात्री दिल्यावर आम्ही पुढीलप्रमाणे क्रम लावला. रात्री नऊच्या सुमारास मी बाळाला पाजून दुसऱ्या खोलीत झोपायला जात असे. बाराच्या आसपास बाळ उठले की सकाळी काढून ठेवलेले माझे दूध मावशी त्याला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजत. त्यानंतर बाळ दोन-अडीचला उठले की ते माझ्याकडे येई, मी त्याला पाजून परत देई आणि पुन्हा साडेपाचपर्यंत झोपत असे. अशा रीतीने साडेनऊ ते दोन हा एक सलग टप्पा आणि नंतरचा एक छोटा टप्पा मिळत होता. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. पुण्यातला उन्हाळा लक्षात घेता आम्ही ते काढल्याबरोबर फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवत असू, प्रत्येक डब्यावर वेळ लिहीत असू, आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच कोमट करत असू. एकदा कोमट करून उरलेले दूध पुन्हा वापरायचे नाही, हा नियम मावशींना प्रथम उधळपट्टी वाटला. आईचे दूध ओतून टाकताना त्यांचा हात अडखळत असे आणि ते मी समजू शकते. पण कारण सांगितल्यावर त्यांनी तो कधी मोडला नाही. बाटलीऐवजी बोंडले वापरण्याचा आग्रह आमच्या डॉक्टरांचा होता, कारण ते उकळून स्वच्छ करणे सोपे असते, आणि मावशींचा हात त्याच्यावर बसलेलाच होता.

दुसऱ्या आठवड्यापासून माझ्यात पडलेला फरक घरातल्या सर्वांना दिसला. एकूण झोप पूर्वीपेक्षा फार वाढली नव्हती, पण सलग साडेचार तासांनी डोक्यावरचे ओझे उतरते, बोलताना शब्द सापडतात, बाळाच्या रडण्याने छातीत धडधडत नाही. औषधांच्या वेळा, लसीकरणाच्या तारखा, गॅस बंद केला की नाही, असल्या साध्या गोष्टी पुन्हा लक्षात राहू लागल्या. या सेवेला मी इतके गुण देते ते यासाठी.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कितीही अनुभवी मावशी असल्या तरी नियम लिहून द्यावेत आणि ते पाळण्याच्या खोलीत लावावेत. बाळ नेहमी पाठीवर झोपेल. पाळण्यात उशी, लोड, खेळणी, मोकळी दुपटी नकोत. मावशींनी बाळाला घेऊन झोपायचे नाही. डोळा लागतो आहे असे वाटले तर बाळ पाळण्यात ठेवून आम्हाला उठवायचे. पाठीवर निजवण्याला त्यांचा विरोध होता, कारण त्यांच्या मते पालथे बाळ गाढ झोपते. ते खरे आहे आणि धोका नेमका तेथेच आहे, कारण श्वासात अडथळा आला तर गाढ झोपेतले बाळ सहज जागे होत नाही. दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची त्यांची पद्धत उत्तम होती, फक्त पाय सरळ बांधण्याऐवजी कमरेखाली सैल ठेवायला आम्ही सांगितले, कारण सरळ ताणून बांधल्याने खुब्याच्या सांध्यावर वाईट परिणाम होऊ शकतो. बाळ कुशीवर वळू लागण्याची चिन्हे दिसताच गुंडाळणे आम्ही पूर्ण बंद केले. ओव्याची धुरी, मधाचे बोट, बाहेरून आणलेली गुटी या गोष्टी नकोत, हेही पहिल्याच दिवशी बोलून घेतले. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

याहून महत्त्वाची एक सूचना अशी की, बाळाला झोप यावी म्हणून कोणतेही औषध कोणीही देणार नाही, हे करारातच लिहावे. बाळाने शांत झोपावे म्हणून त्याला काहीतरी चाटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत गिरणीत पाळीवर जाणाऱ्या कामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन जात असत, अशा नोंदी 1920 च्या दशकातील सरकारी पाहणीत आहेत. त्या बायकांना दोष देण्याचे मला धैर्य होत नाही, कारण दहा-दहा तासांच्या पाळीत बाळ सांभाळायला त्यांच्याजवळ कोणीही नव्हते. आज अफूची जागा सर्दीच्या औषधाने घेतली आहे. क्लोरफेनिरामाइन असलेल्या थेंबांनी बाळाला गुंगी येते हे पुष्कळांना ठाऊक असते आणि औषधाच्या दुकानात ते सहज मिळतात. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला आहे. आमच्या मावशींनी असे काही केले नाही. परंतु आम्ही भेटलेल्या दुसऱ्या एका उमेदवार बाईंनी 'दोन थेंब दिले की काम होते' असे सहजपणे सांगितले होते, आणि ती मुलाखत आम्ही तेथेच थांबवली.

मावशींच्या स्वतःच्या झोपेचा प्रश्न या सेवेतला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्याविषयी संस्था जवळजवळ काहीच बोलत नाहीत. आमची झोप भरून निघत होती ती दुसऱ्या एका बाईच्या जागण्यावर. पहिल्या काही दिवसांत मावशी पहाटे चारच्या सुमारास बसल्या बसल्या पेंगताना दिसल्या. चौकशी केली तेव्हा कळले की सकाळी आमच्याकडून निघून त्या दुसऱ्या घरी स्वयंपाकाला जात, तेथून दुपारी घरी, आणि तेथे नातवंडांची ये-जा, नळाचे पाणी, बाजार. म्हणजे त्यांना दिवसाही सलग झोप मिळत नव्हती. अशा स्थितीत त्यांच्या हाती बाळ देणे हे बाळासाठी धोक्याचे होते आणि त्यांच्यावर तर सरळ अन्यायच होता. आम्ही त्यांच्याशी बोललो, स्वयंपाकाच्या कामातून मिळणारी रक्कम विचारली आणि पगार 26,000 करून ते काम सोडण्याची विनंती केली. शिवाय बाळ झोपलेले असताना पाळण्याशेजारच्या गादीवर त्यांनीही आडवे व्हावे, बाळाचा आवाज आला की उठावे, असे ठरवले. 'जागून बसणे' हे काम नाही, बाळाकडे लक्ष असणे हे काम आहे, हा फरक मालकांनी समजून घेतला पाहिजे. आठवड्याची सुटी पगारी असावी, रात्रीचे जेवण आणि चहा घरचा असावा, सकाळी अंधारात परतायचे असल्यास रिक्षाची सोय असावी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 च्या कायद्याने कल्याण मंडळ स्थापन झाले आहे, त्यात त्यांची नोंदणी झालेली नव्हती; संस्थेने ती करून देणे अपेक्षित असायला हवे, पण तिने तसे केले नव्हते. फॉर्म आम्हीच भरून दिला.

संस्थेबद्दलची माझी मुख्य तक्रार बदली मावशींविषयी आहे. करारात लिहिले होते की नेहमीच्या मावशी आल्या नाहीत तर त्याच संध्याकाळी दुसरी व्यक्ती पाठवली जाईल. मावशींच्या घरी दुःखद प्रसंग आला आणि त्या गावी गेल्या, तेव्हा रात्री साडेआठला एक मुलगी दारात उभी राहिली. तिची पडताळणी झालेली नव्हती, आधीच्या घरांचे क्रमांक नव्हते, आणि तान्ह्या बाळाचे काम तिने कधी केले नव्हते. तिला चहा पाजून, रिक्षाचे पैसे देऊन आम्ही परत पाठवले, कारण यात तिचा काहीच दोष नव्हता. मावशी परत येईपर्यंत आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या, रात्री नऊ ते दोन माझ्या पतींनी बाळाजवळ राहायचे आणि दोन ते सहा मी. मावशींनी शिकवलेल्या गोष्टींमुळे ते दिवस निभावले. संस्थेने त्या रात्रींचे पैसे कापून घेण्याचे मान्य केले, पण त्यासाठी पुष्कळ पाठपुरावा करावा लागला. करार करतानाच बदली व्यक्तीचे नाव घेऊन तिला एकदा घरी बोलावून घ्यावे, असा माझा सल्ला आहे.

अशा पाळ्या लावणे हा या सेवेचा विनाखर्च पर्याय आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. घरात दोन धडधाकट मोठी माणसे असतील आणि दोघांच्याही कामाच्या वेळा सांभाळता येत असतील, तर एकाने पहिली पाळी आणि दुसऱ्याने दुसरी पाळी घेऊन जवळजवळ तेवढीच सलग झोप मिळू शकते. महिन्याला वीस-पंचवीस हजार रुपये हा खर्च बहुतेक घरांना न झेपणारा आहे, आणि त्यासाठी कर्ज काढावे किंवा बचत मोडावी असे मी कोणालाही सांगणार नाही. ज्यांना जुळी मुले आहेत, ज्या आईचे सिझेरियननंतरचे दुखणे लांबले आहे, जी एकटी बाळ वाढवते आहे, किंवा ज्या घरात पती-पत्नींपैकी एकाची नोकरी रात्रपाळीची किंवा परगावची आहे, त्यांनी मात्र जमत असेल तर पूर्ण महिना नको, निदान आठवड्यातून तीन रात्रींसाठी तरी मावशी घ्याव्यात. तीन रात्रींच्या झोपेनेही उरलेले दिवस सुसह्य होतात.

एक गोष्ट या सेवेच्या कक्षेबाहेरची आहे. बाळ दुसऱ्याच्या हाती सुरक्षित आहे, खोली शांत आहे, तरीही आईला झोप येत नाही, मन सतत भीतीने किंवा उदासीने भरलेले राहते, बाळाविषयी काहीच वाटेनासे होते, किंवा जगण्याचाच कंटाळा येतो, तर तो थकवा नसून आजार असण्याची शक्यता आहे, आणि त्यावर उपचार आहेत. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी 1987 पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरो चाचणी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ काही मिनिटांत करून घेऊ शकतात. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक मी आमच्या फ्रिजवर लावला होता आणि घरातल्या सर्वांना दाखवला होता, कारण त्या अवस्थेत आई स्वतः फोन करीलच असे नाही.

सेवा बंद करण्याची वेळ कोणती, हेही आधीच ठरवावे. चौथ्या महिन्यात आमचे बाळ रात्री एकदाच उठू लागले, तेव्हा मावशी सहाऐवजी चार रात्री आणि मग दोन रात्री येऊ लागल्या, म्हणजे बाळाला आणि आम्हालाही एकदम बदल जाणवला नाही. त्यांना पुढचे घर मिळेपर्यंत त्या कमी केलेल्या रात्रींचा अर्धा पगार आम्ही देत राहिलो, आणि महिनाभर आधी सूचना दिल्याने त्यांना कोथरूडमध्येच दुसरे काम मिळाले. संस्थेच्या छापील करारात रात्री टप्प्याटप्प्याने कमी करण्याची अशी सोय नसते. आम्ही सुरुवातीलाच मागितल्यावर ती आमच्या करारात हाताने लिहून, सही-शिक्क्यासह मिळाली.